छापा, काटा आणि मी

माझ्या जन्माचं श्रेय नक्की कुणाचं, हा वाद आमच्या घरात माझ्याच वयाचा आहे. चार बहिणींच्या पाठीवर मी झालो. आजीच्या मते हे श्रेय कुलदेवीला बोललेल्या नवसाचं. आत्याच्या मते तिने आणलेल्या अंगाऱ्याचं. वडील बोलत काही नसत, नुसते मिशीवरून हात फिरवीत. आईचं नाव मात्र कोणी घेत नसे. ते आधीच्या चार खेपांना भरपूर घेऊन झालं होतं.

परवा आमची कन्या स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक घेऊन पुढ्यात बसली. "बाबा, बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन समजावून सांगा." या विषयात मी बी.कॉम.ला काठावर पास झालो होतो. पण बापाच्या इभ्रतीचा प्रश्न! म्हटलं, "आण एक रुपया."

नाणं चार वेळा उडवलं, तर निकालाच्या एकूण तऱ्हा सोळा. चारही काटे पडण्याची तऱ्हा एक. एक छापा, तीन काटे अशा चार. दोन-दोन अशा सहा. मग पुन्हा चार आणि पुन्हा एक. १, ४, ६, ४, १. याकोब बर्नुलीचा या विषयावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली छापला गेला. पण हेच आकडे आपल्याकडे दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रांवरच्या टीकेत मांडले होते. त्याचं नाव मेरुप्रस्तार. चार अक्षरांत दोन गुरू किती तऱ्हांनी बसतील? सहा! शाळेत लघु-गुरूपायी आम्ही मार खाल्ला, तेव्हा तो स्टॅटिस्टिक्सच्या खात्यावर जमा होतोय, हे कोणी बोललं नाही.

गंमत बघा, बरोब्बर दोन-दोन पडण्याची शक्यता सोळात सहाच, म्हणजे निम्म्याहून कमी. समसमान वाटणी करायला नाणं काही भाऊबंदकीतलं पंच नव्हे. शिवाय त्याला मागची आठवण नसते. ओळीने चार काटे पडले, म्हणून पाचव्या खेपेला छाप्याचा भाव वाढत नाही. तो तोच, रुपयात आठ आणे.

कन्येने वहीत काहीतरी खरडलं. "म्हणजे ओळीने चार आत्या, ही सोळात एक तऱ्हा. आणि पाचव्या वेळी तुम्ही, हे निम्मं-निम्मं. नवस केला नसता तरी?"

"तरी. मुलगे किंचित जास्त जन्मतात, पण तेवढं सोडून दे."

"आणि मुलगा की मुलगी, हे तर वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. मग बोलणी आजीने का खाल्ली?"

तिची आजी म्हणजे माझी आई. याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

पुस्तकात एक गोष्ट मात्र होती. दोन निकालांपैकी एकाला 'सक्सेस' म्हणायचं, दुसऱ्याला 'फेल्युअर'. कुठल्याला काय म्हणायचं, ते आपल्या सोयीनं. काटे मोजायचे असतील तर काटा म्हणजे सक्सेस. त्या शब्दाला कसलीही प्रतिष्ठा नाही, ती नुसती मोजणाऱ्याची चिठ्ठी. आपण ती चिठ्ठी माणसांच्या कपाळाला डकवतो आणि पुन्हा काढायची विसरतो. सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं देण्याचा समारंभ झाला, तो २०११ साली. बर्नुलीचं पुस्तक निघून तेव्हा तीनशे वर्षं होत आली होती.

आमच्याकडे कुणाचं नाव नकोशी ठेवलं नाही. आम्ही सभ्य माणसं! फक्त ताईची शाळा दहावीनंतर सुटली आणि मी कॉलेजात गेलो. मला पाढे शिकवले होते ताईनेच. नाणं आपल्या बाजूने पडलं, यात पाप नाही. पण ती आपली कर्तबगारी समजून इतकी वर्षं तोऱ्यात हिंडलो, त्याचं काय?

न राहवून रात्री ताईला फोन केला आणि सगळं गणित सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू निव्वळ योगायोगाने झालास?"

"हो गं ताई."

"मग लहानपणी तुझ्या एकट्याच्या भातावर जे तूप पडायचं, त्यातलं आमचं चौघींचं आता व्याजासकट काढ. बँकेत आहेस ना? कर हिशेब."

हिशेब चालू आहे. मुद्दलच जमत नाही, व्याजाचं पुढे बघू.