भाचीला पुढचं पुस्तक कुठलं?

हॅरी पॉटरचे ७ भाग संपवलेल्या ११ वर्षांच्या भाचीला पुढे काय द्यावं? 'हे आवडलं, म्हणजे तेही आवडेल' असा कोड मी नोकरीत लिहितो. त्याला फक्त कालची आवड कळते. मी उर्सुला ले ग्विनचं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८) दिलं. त्यातला गेड गर्वापायी एक भयंकर सावली मोकळी सोडतो, शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो.

"एवढ्यात कशाला? नारळीकर दे, विज्ञान तरी कळेल," ताई म्हणाली. (नारळीकर द्यावेतच, पण गोष्टीसाठी.) स्वतःच्या मत्सराची भीती अकराव्या वर्षीही वाटते, ती कुणाशी बोलायची, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही. अर्ध्यात कंटाळली, तर तिने पुस्तक खुशाल परत करावं.