मोजमाप आपले, प्रमाण कोणाचे?

वेटोळ्यातून वाहणारी वीज कमी-जास्त होऊ लागली की वेटोळे त्या बदलाला विरोध करते. या गुणाला इंडक्टन्स म्हणतात. १८९३च्या शिकागो परिषदेपासून त्याचे एकक हेन्री. पण जुन्या ग्रंथांत ॲबहेन्री आणि स्टॅटहेन्रीही भेटतात. एक हेन्री म्हणजे शंभर कोटी ॲबहेन्री, तर एक स्टॅटहेन्री म्हणजे जवळजवळ नव्वद हजार कोटी हेन्री. एकके माणसाने ठरवलेली, तेव्हा हे आकडेही निव्वळ सोयीचे, असे कोणीही म्हणेल. पहिल्या आकड्यापुरते ते बरेचसे खरे आहे. दुसऱ्याबाबत मात्र मला ते मान्य नाही. ॲबहेन्री चुंबकीय बलावरून ठरला, स्टॅटहेन्री विद्युतभारांमधल्या बलावरून. दोन्ही पद्धती रचताना प्रकाशाचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. तरीही त्यांचे गुणोत्तर काढले की हाती येतो प्रकाशवेगाचा वर्ग. भौतिकशास्त्रज्ञ वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ साली लेडन जार या भार साठवणाऱ्या भांड्यातला विद्युतभार दोन्ही रीतींनी मोजला, आणि त्यातून निघालेला वेग फिझोने मोजलेल्या प्रकाशवेगाच्या अगदी जवळचा होता. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, या मॅक्सवेलच्या निष्कर्षाला मोठा आधार मिळाला तो इथे. दोन संकेत शेजारी ठेवले आणि त्यांपैकी एकातही नसलेले सत्य समोर आले. व्यवहाराचा, म्हणजे लोकसंकेताचा, आधार घेतल्यावाचून परमार्थ सांगता येत नाही, असे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेत म्हटले आहे. त्याचा परमार्थ शून्यता आहे, भौतिकशास्त्र नव्हे, आणि विज्ञानाने त्याला दुजोरा दिला असे मी म्हणणार नाही. पण संकेत म्हणजे सत्यावरचा पडदाच, ही समजूत किती घाईची आहे हे त्याच्यामुळे नीट कळते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. ॲबहेन्रीच्या पद्धतीत इंडक्टन्सची मिती चक्क लांबीची, सेंटिमीटरची. स्टॅटहेन्रीच्या पद्धतीत ती वेगळीच. ज्या गुणाची जातच पद्धतीगणिक बदलते, तो खरा कसा मानायचा? शिवाय १९८३पासून प्रकाशवेगाचा आकडाही व्याख्येनेच ठरवलेला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आकडा मीटर आणि सेकंदावर अवलंबून असतो, मितीही आपल्या निवडीवर. मात्र विजेच्या मोजमापातून निघणारा वेग आणि प्रकाशाचा वेग एकच असणे कोणत्याही एककावर अवलंबून नाही. मीटर उद्या दुप्पट केला तरी ते दोन्ही आकडे एकत्रच बदलतील. आणि सगळेच व्याख्येने बांधून टाकू म्हटले तरी ते साधत नाही. २० मे २०१९ रोजी मूलभूत विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक यांचे आकडे कायमचे ठरले, त्याच दिवशी निर्वाताची चुंबकीय पार्यता, जी तोवर व्याख्येने नेमकी होती, मोजून काढण्याची गोष्ट झाली. आता तिचे मूल्य सूक्ष्मसंरचना स्थिरांकावर टेकलेले आहे, आणि त्या स्थिरांकाला एककच नाही. हेन्री आणि ॲबहेन्री यांचे नातेही याच पार्यतेतून जाते, त्यामुळे मी वर सोयीचा म्हटलेला शंभर कोटींचा आकडाही आज काटेकोर अर्थाने प्रयोगाच्या अचूकतेइतकाच नेमका आहे.