बचत कोणाच्या खर्चाने?

इस्लामच्या दृष्टीने मालमत्ता ही अमानत आहे. माणूस आपल्या कमाईचा मालक दिसत असला, तरी खऱ्या मालकाने ती त्याच्याकडे ठरावीक मुदतीसाठी सोपविलेली असते आणि मुदत संपल्यावर तिचा हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब केवळ लाखांच्या व्यवहारांचा नसतो. घरात कपडे धुण्यासाठी वापरलेल्या पावडरीचा एक चमचाही त्यात येतो. काही वाचकांना हे उदाहरण क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या प्रेषितांनी (स.) वुजूसाठी एक मुद्द, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाणी वापरले, त्यांच्या अनुयायांना लहान वस्तूंचा विचार लहान वाटता कामा नये.

पुण्यातील स्वारगेटचा परिसर घेऊ. येथे एसटी स्थानक आहे, पीएमपीचे मुख्यालय आहे, जवळच गुलटेकडीचा मार्केट यार्ड आहे. चालक-वाहकांची खाकी, हमालांचे घामाने भिजलेले सदरे, मेकॅनिकचे तेलकट कपडे आणि मुलांचे गणवेश हे सारे अशा वस्तीत नित्य धुवावे लागते. बेताच्या उत्पन्नाच्या घरात किराणा यादीतील साबण-पावडरीचा आकडा नजरेत भरतो, आणि तो कमी करावा असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न असा की, ही काटकसर सत्कर्म केव्हा ठरते आणि अन्याय केव्हा?

कुरआनने या बाबतीत दोन्ही बाजूंच्या सीमा आखून दिल्या आहेत. उधळपट्टी करणाऱ्यांना त्याने सैतानाचे बंधू ठरविले (१७:२७) आणि त्याच सूरहमध्ये हात मानेला बांधून ठेवण्यासही मनाई केली (१७:२९). रहमानच्या दासांचे वर्णन करताना खर्चातील मध्यम मार्ग हे त्यांचे लक्षण सांगितले (२५:६७). दुसरीकडे, आरंभीच्या अवतरणांतच वस्त्रे शुद्ध ठेवण्याची आज्ञा आली (७४:४). अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसनुसार मळके कपडे घातलेला एक मनुष्य पाहून प्रेषितांनी (स.) विचारले की, कपडे धुण्यापुरते पाणीही याला मिळत नाही काय? म्हणजे कपडा मळका ठेवून वाचविलेला पैसा ही काटकसर नव्हे. तो हात मानेला बांधण्याचाच एक प्रकार आहे.

परंतु स्वच्छता आणि फेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिकहच्या दृष्टीने कपड्याची पाकी साबणावर अवलंबून नाही. नापाकी स्वच्छ पाण्याने दूर झाली की कपडा पाक होतो. प्रयत्न करूनही न निघणारा डाग माफ आहे. मळाच्या बाबतीतही अनुभव हेच सांगतो. मळ सोडविण्यास पावडरीचे ठरावीक प्रमाण पुरते. त्यापुढे टाकलेली पावडर फेस वाढविते, स्वच्छता नव्हे. ती धाग्यांत राहते, अंगाला खाज आणू शकते आणि ती काढण्यासाठी आणखी दोन बादल्या पाणी लागते. बोअरच्या किंवा टँकरच्या क्षारयुक्त पाण्यात पावडरीचा काही भाग क्षारांशी लढण्यातच खर्च होतो. तेथे थोडा धुण्याचा सोडा मिसळल्यास सुती कपड्यांसाठी कमी पावडर पुरते. रेशीम आणि लोकर यांना मात्र तो मानवत नाही. कॉलर व बाह्यांना आधी साबण लावणे, कपडे अर्धा तास भिजविणे, कमी मळलेले कपडे वेगळे काढणे आणि पाकिटावरील प्रमाण पाळणे, एवढ्याने बरीच बचत होते. येथे कोणाचेही काही हिरावले जात नाही. ही शुद्ध काटकसर होय.

बाजाराने आपल्याला दोनच प्रश्न शिकविले. १९५९ मध्ये सर्फ आले, १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमाचा आरंभ झाला, आणि स्वस्त वस्तू घ्यावी की चांगली, हा वाद घराघरांत पोहोचला. १९८०च्या दशकातील जाहिरातीतील ललिताजी या वादाचे प्रतीकच बनल्या. पण श्रद्धावंताला तिसरा प्रश्नही विचारावा लागतो: मी वाचविलेला खर्च नाहीसा झाला, की दुसऱ्या कोणाच्या माथी गेला?

निकृष्ट पावडर आणून किंवा हात आखडून पुरुषाने वीस रुपये वाचविले आणि त्यापायी घरातील स्त्रीला तीच खाकी दुप्पट वेळ घासावी लागली, तर पैसा वाचला नाही. तो तिच्या मनगटांतून वसूल झाला. बचतीची आज्ञा देणारा एक आणि ती अंगावर झेलणारी दुसरी, ही अनेक घरांतील रीत आहे. आदरणीय आयेशा (रजि.) सांगतात की, प्रेषित (स.) घरात आपले कपडे स्वतः पाहत, शिवत आणि आपली कामे आपण करीत. ज्याला काटकसर हवी, त्याने बादलीजवळही बसावे. धुणेवालीच्या महिन्यातून दोन खाडे कापून साधलेली बचत तर याहून वाईट. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची ताकीद असलेल्या समाजात ती बचत नव्हे, हक्क मारणे होय.

जास्त पावडर ओतणाराही आपला खर्च इतरांवर ढकलतोच. पुण्याच्या सर्व सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया होत नाही. मोरीतून गेलेला फेस मुठेत, मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनी जलाशयात पोहोचतो. काही पावडरींतील फॉस्फेट शेवाळाला आणि जलपर्णीला पोसते, आणि त्याच उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. शेजाऱ्याचा हक्क भिंतीपाशी संपत नाही. नदीच्या खालच्या अंगाला राहणाराही आपला शेजारीच आहे.

कोणी म्हणेल, गरिबाला चमचे मोजण्याचा उपदेश कशाला? आक्षेप रास्त आहे. ज्याच्याकडे मुळातच कमी आहे, तो मोजूनच वापरतो. हा विचार प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे, जे घरात साबणाची वडी झिजेपर्यंत हिशेब ठेवतात आणि लग्नाच्या मांडवात वर्षभराची कमाई एका रात्रीत उधळतात. अशी काटकसर सवय असेल, तकवा नव्हे. वाचलेला रुपया शेवटी कोठे गेला, यावर तिची किंमत ठरते. तो मुलांच्या शिक्षणाकडे, कर्जफेडीकडे, नातलगाच्या अडचणीकडे गेला, तर त्या चमचाभर पावडरीचाही मोबदला अल्लाहजवळ आहे. कारण त्याच्याकडे कणभर सत्कर्मही वाया जात नाही.

अल्लाह आपणा सर्वांना खर्चात मध्यम मार्ग आणि हिशेबात सचोटी प्रदान करो. आमीन.