दुसरा कुठून आणायचा?

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या ग्वांगझूला आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या होत्या. चाकांच्या स्केटिंगला त्या वर्षी तिथं पहिल्यांदाच जागा मिळाली, आणि अनुपकुमार यमा व अवनी पांचाळ या भारतीय जोडीनं कलात्मक स्केटिंगच्या जोडी प्रकारात कांस्यपदक मिळवलं. बर्फावर ब्लेड लावून जे करतात, जवळपास तेच इथं लाकडी किंवा गुळगुळीत फरशीवर चार चाकांच्या जड बुटांनी करायचं असतं. मुलानं मुलीला डोक्यावर उचलायचं, हवेत भिरकवायचं, तिनं एका पायावर उतरायचं, आणि हे सगळं संगीताच्या ठेक्यात. ज्या देशात बर्फाची रिंक शोधायला नकाशा घ्यावा लागतो, त्या देशाच्या नावावर आशियाई पातळीवरचं जोडी स्केटिंगचं पदक आहे. बहुतेकांना ते ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही दोन्ही नावं एका दमात आठवत नाहीत.

हा विसर ध्यानात ठेवण्यासारखा आहे. भारतात फिगर स्केटिंग का रुजलं नाही, या प्रश्नाला तयार उत्तर मिळतं: बर्फ नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यात तर हे उत्तर कुणी तपासूनही पाहणार नाही. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. थंडीच्या लाटेत गोंदियाचा पारा विदर्भात सर्वांत खाली गेल्याची बातमी अधूनमधून येते, पण नवेगावबांधच्या पाण्यावर काही बर्फ धरत नाही; आणि मे महिन्यात तर त्या विषयावर बोलणंही चेष्टा ठरेल. तरीही बर्फाची सबब सोयीची आहे, खरी नाही. बर्फ यंत्रानं करता येतो. डेहराडूनच्या महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयात २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधली गेली. ती पुढे वर्षानुवर्षं बंद पडून राहिली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. लेहच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या स्केटरांनी पदकं आणली आहेत. म्हणजे पृष्ठभागाची सोय, रडतखडत का होईना, होऊ शकते. सोय होत नाही ती दुसऱ्या माणसाची.

जोडी स्केटरची कारकीर्द त्याच्या एकट्याच्या मालकीची नसते. धावपटूचा गुडघा दुखावला तर धावपटू थांबतो. जोडीत एकाचा गुडघा दुखावला की दोघं थांबतात, आणि धडधाकट असलेला थांबलेल्याची वाट पाहायची की नवा जोडीदार शोधायचा, या पेचात अडकतो. त्याची मेहनत, वय आणि आईबापांचा पैसा दुसऱ्याच्या शरीरात गुंतलेला असतो.

इरिना रोदनिनाचं उदाहरण यासाठी पुरेसं बोलकं आहे. या सोव्हिएत स्केटरनं १९६९ पासून १९७८ पर्यंत सलग दहा जागतिक विजेतेपदं आणि १९७२, १९७६, १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली. आकडे पाहून वाटतं, ही तर पोलादी कारकीर्द. प्रत्यक्षात ती मधोमध तुटली होती. पहिली चार विजेतेपदं अलेक्सेई उलानोवबरोबरची. हा उलानोव ल्युदमिला स्मिर्नोवाच्या प्रेमात पडला, आणि स्मिर्नोवा होती याच दोघांच्या पाठोपाठ रौप्य घेणाऱ्या प्रतिस्पर्धी जोडीतली. त्यांनी लग्न केलं आणि पुढे एकत्र स्केटिंगही. १९७२ च्या जागतिक स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात रोदनिना लिफ्टमधून, म्हणजे जोडीदारानं डोक्यावर उचललेलं असताना, खाली पडली, डोक्याला मार लागला. तरी दुसऱ्या दिवशी त्याच हातांच्या भरवशावर ती वर गेली आणि दोघं जिंकले. त्यानंतर तिला अलेक्सांद्र झैत्सेव मिळाला. १९७३ मध्ये ब्रातिस्लाव्हाला त्यांचा कार्यक्रम चालू असताना संगीतच बंद पडलं. दोघं थांबले नाहीत. उरलेला कार्यक्रम त्यांनी शांततेत पुरा केला आणि सुवर्ण घेतलं. ठेका बाहेरून येत नव्हता तेव्हाही तो दोघांत सारखाच होता. नव्या जोडीला हे काही महिन्यांत साधलं, यात रोदनिनाच्या प्रतिभेइतकाच सोव्हिएत व्यवस्थेचा वाटा होता. तिथं जोडीदार मिळेल का, हा खेळाडूच्या घरचा प्रश्न नव्हता. तो प्रशिक्षकाचा आणि संघाचा प्रश्न होता.

चीननं हेच केलं, आणि तेही शून्यापासून. १९८० च्या डॉर्टमुंडच्या जागतिक स्पर्धेत याओ बिन आणि लुआन बो ही चिनी जोडी शेवटची आली. प्रेक्षक हसले. या दोघांनी लिफ्ट शिकल्या होत्या त्या छायाचित्रं बघून. उचललेली मुलगी फोटोत दिसते. तिथवर ती पोहोचली कशी आणि उतरणार कशी, हे फोटो सांगत नाही. याओ बिन पुढे प्रशिक्षक झाला. हार्बिनमध्ये त्यानं १९९२ साली एकेरी खेळणाऱ्या शेन श्वेला चाओ होंगबोबरोबर उभं केलं. १९९४ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ही जोडी एकविसावी आली. आपल्याकडे त्याच वर्षी गाशा गुंडाळला गेला असता. २००५ च्या ऑगस्टमध्ये चाओच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. सहा महिन्यांनी ट्यूरिनला दोघांनी ऑलिंपिक कांस्य घेतलं. दरम्यान लग्न झालं, निवृत्तीसारखा एक काळ गेला, आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरला सुवर्ण आलं तेव्हा ती ३१ वर्षांची होती, तो ३६ चा. १९६४ पासून जोडी स्केटिंगचं प्रत्येक ऑलिंपिक सुवर्ण सोव्हिएत किंवा रशियन गोटात जात होतं (२००२ मध्ये ते कॅनडाबरोबर वाटून घ्यावं लागलं). ती साखळी या दोघांनी तोडली. हार्बिनला बर्फाची वानवा नाही, हे खरंच. पण बर्फ तर याओ बिनच्या वेळीही होता. मधल्या तीस वर्षांत वाढलं ते जोडी टिकवण्याचं कसब.

व्यवस्था मागे नसली तर काय होतं, ते आल्योना सावचेंकोच्या कारकिर्दीत दिसतं. युक्रेनमध्ये जन्म, पहिलं ऑलिंपिक युक्रेनकडून, मग जोडीदाराच्या शोधात जर्मनी. तिथं रॉबिन झोल्कोवीबरोबर पाच जागतिक विजेतेपदं आणि दोन ऑलिंपिक कांस्यं. २०१४ नंतर तो थांबला. तिला थांबायचं नव्हतं. मग फ्रान्सचा ब्रुनो मासो. फ्रेंच संघानं त्याला मोकळं करायला वेळ लावला. जागतिक स्पर्धेत जोडीतल्या दोघांचे देश वेगळे असलेले चालतात. ऑलिंपिकला मात्र दोघंही एकाच देशाचे नागरिक लागतात. मासोला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागली, एकदा तो नापास झाला, आणि नागरिकत्व हाती आलं ते ऑलिंपिकला जेमतेम तीन महिने उरले असताना. २०१८ मध्ये प्योंगचांगला पहिल्या दिवशी त्यानं तिहेरी सॅल्कोऐवजी दुहेरीच उडी मारली आणि जोडी चौथ्या स्थानावर गेली. दुसऱ्या दिवशी १५९.३१ गुणांचा विक्रम करून त्यांनी सुवर्ण खेचून आणलं. अंतर होतं ०.४३ गुणांचं. सावचेंको ३४ वर्षांची होती. तिचं हे पाचवं ऑलिंपिक. जर्मन व्याकरणात अडलेल्या एका फ्रेंच माणसावर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

यात भीतीचाही हिशेब आहे, आणि तो दिसतो तसा नसतो. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गला मॅक्सिम मारिनिनच्या हातून तात्याना तोत्म्यानिना लिफ्टमधून निसटली. डोकं थेट बर्फावर आपटून ती बेशुद्ध पडली. ती बरी झाली आणि लवकरच सरावाला आली. सावरायला वेळ लागला तो त्याला; मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेऊनच तो तिला पुन्हा डोक्यावर उचलू शकला. २००६ मध्ये दोघं ऑलिंपिक विजेते झाले. जोडीतला मुलगा म्हणजे नुसता हमाल, असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट वाचायला हवी.

मानणारे जगभर आहेत, म्हणूनच मुलं मिळत नाहीत. स्केटिंगला येणाऱ्या मुलींच्या रांगा लागतात आणि मुलगे बोटांवर मोजावे लागतात, ही तक्रार पॅरिसपासून टोरांटोपर्यंत सारखी आहे. कॅनडाच्या संघटनेनं २०२२ मध्ये आपल्या देशांतर्गत स्पर्धांसाठी जोडीची व्याख्याच बदलली: एक पुरुष, एक स्त्री ही अट काढून फक्त दोन स्केटर. अमेरिकेतल्या डिआना स्टेलाटो-डुडेकनं दुखापतींमुळे किशोरवयात एकेरी सोडली, सोळा वर्षांनी पुन्हा बूट चढवले, जोडीदारासाठी कॅनडा गाठलं आणि मॅक्सिम देशां याच्याबरोबर २०२४ मध्ये चाळिसाव्या वर्षी जागतिक विजेती झाली. वय आडवं आलं नाही. जोडीदार नसता तर आलं असतं.

आता घरचं बघू. पुण्याचे श्रेयसी जोशी आणि जिनेश नानल २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धांत इनलाइन फ्रीस्टाइलच्या जोडी स्लॅलममध्ये उतरले होते. एका ओळीत मांडलेल्या छोट्या शंकूंमधून, ५०, ८० किंवा १२० सेंटिमीटरच्या अंतरांतून, एका संगीतावर दोघांनी एकसारखं वळत जायचं. शंकू पडला की गुण गेले. इथं उचलाउचली नाही, पण जोडीचा मूळ त्रास तोच: स्वतःचं चुकलं नाही तरी दुसऱ्याचं चुकलेलं आपलंच. पदक आलं नाही, आणि त्याच स्पर्धांत भारतानं स्केटिंगच्या सांघिक शर्यतींत मिळवलेल्या दोन कांस्यपदकांच्या बातम्यांत ही जोडी हरवून गेली.

विदर्भाला या दुय्यमपणाची ओळख दुसऱ्या खेळातून, बॅडमिंटनमधून, आहे. वर्ध्यात १९८३ साली जन्मलेली आणि हैदराबादला वाढलेली ज्वाला गुट्टा दुहेरीच्या खेळाडूंना दुय्यम वागणूक मिळते म्हणून कारकीर्दभर भांडली. अश्विनी पोनप्पाबरोबर २०११ मध्ये तिनं जागतिक कांस्य जिंकलं, तरी ते भांडण संपलं नाही. चित्र थोडं बदललं ते सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांच्या वेळी. २०१६ च्या सुमारास मलेशियन प्रशिक्षक तान किम हर यांनी आंध्रच्या अमलापुरमचा एक मुलगा आणि मुंबईचा एक मुलगा एकत्र बांधले. दोघांची भाषा वेगळी, स्वभाव वेगळे. शिवाय दोघंही मागून जोरकस मारणारे. पुढे आशियाई सुवर्ण आलं आणि २०२३ चा खेलरत्न दोघांना मिळून देण्यात आला. इथंही जोडी जुळली ती योगायोगानं नाही. ती जुळवण्याचा अधिकार कुणाच्या तरी हातात होता.

पण ते दोघंही मुलगे. मुलगा-मुलगी म्हटलं की मराठी घरात आवाज खाली येतो. जोडी स्केटिंगमध्ये मुलगी लहान चणीची लागते, मुलगा सहसा चारपाच वर्षांनी मोठा. ऑलिंपिक विजेती येकातेरिना गोर्देयेवा सर्गेई ग्रिन्कोवबरोबर उभी राहिली तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची होती, तो पंधराचा. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव किंवा तिरोड्याच्या आईबापांनी सहावीतल्या मुलीला अकरावीतल्या मुलाबरोबर रोज चार तास सोडावं, ही मागणी सोपी नाही. त्यांना मागासलेले म्हणून मोकळं होता येत नाही, कारण उत्तर अमेरिकेत याच खेळात जोडीदारांकडून झालेल्या छळाच्या तक्रारी पुढे आल्या आहेत. मुलीच्या बापाची शंका रास्त आहे. त्या शंकेला उत्तर हवं ते नियमांचं, हजर असलेल्या प्रशिक्षिकेचं, उघड्या दाराच्या सभागृहाचं. 'जग कुठे गेलं' या टोमण्यानं ते मिळत नाही.

आणि हे सगळं या मातीला परकं आहे म्हणावं, तर तसंही नाही. दंडार या लोकनाट्यात बाईचं सोंग पुरुषच घेत आले, हा इथल्या झाडीपट्टीचा एक संस्कार. पण देवरी-सालेकसाच्या पट्ट्यातल्या गोंड समाजाला रेला नाच नवा नाही, आणि त्यात मुलं-मुली हात धरून फेर धरतात. कुणाच्या भुवया वर जात नाहीत. ही दोन्ही वळणं एकाच जिल्ह्यात, एसटीनं दीड-दोन तासांच्या अंतरात नांदतात. सारस पक्ष्यांचं नाव या लेखात यायलाच हवं असं गोंदियाकरांना वाटेल. तेव्हा एवढंच, की सारसाची जोडी जमवायला फेडरेशन लागत नाही. माणसांच्या जोडीला लागतं.

हिशेबाची अडचण तर राहतेच. सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, दहावी-बारावीचे क्रीडागुण, शिष्यवृत्ती, सगळे अर्ज एकेका नावानं भरले जातात. एकाची दहावी आली की दोघांचा हंगाम गेला, आणि त्या गेलेल्या हंगामासाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही. मुलाच्या वडिलांची बदली झाली तर मुलीची कारकीर्द महाराष्ट्र एक्स्प्रेसनं कोल्हापूरच्या दिशेनं निघून जाते. गुळगुळीत फरशी टाकायला फार खर्च येत नाही. जिल्हा क्रीडा संकुलात ती टाकता येईल. पहिल्या आठवड्यात मुलीही येतील. मुलगे त्या वेळी मैदानावर असतील, पहाटेच्या अंधारात, पोलीस भरतीच्या तयारीत. तिथले १६०० मीटर प्रत्येकानं आपापले धावायचे असतात आणि गुण त्याच दिवशी समजतात.