भयास्वाद आणि नीतिविवेक

भय ही माणसाला नकोशी वाटणारी वृत्ती आहे. घर, कुंपण, दिवा, शेजार, कायदा या साऱ्यांची उभारणी भय दूर ठेवण्यासाठी झाली, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. असे असूनही तोच माणूस पैसे मोजून अंधाऱ्या सभागृहात जाऊन बसतो आणि दोन तास भय मागून घेतो. भयपट, रहस्यपट आणि विज्ञानपट यांच्यासाठी जगभर स्वतंत्र महोत्सव भरतात. कॅटलोनियातील सिट्जेस या समुद्रकाठच्या गावी असा महोत्सव १९६८ मध्ये सुरू झाला. अमेरिकेतील ऑस्टिन शहरातील ‘फँटास्टिक फेस्ट’ २००५ पासूनचा आहे. पडद्यावरच्या वधाला, अकस्मात उसळलेल्या किंकाळीला आणि विद्रूप देहाला तेथे रसिकांची उत्स्फूर्त दाद मिळते. या दादेचे नैतिक स्वरूप काय, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकालाही टाळता येण्याजोगा नाही; कारण तो अखेर आस्वादाचाच प्रश्न आहे. भयाचा आनंद घेणारे मन निबर होते की अधिक जागे होते?

प्रश्न जुना आहे. संत ऑगस्टीन याने ‘कन्फेशन्स’मध्ये छिन्नविच्छिन्न प्रेताकडे पाहण्याची माणसाची ओढ नोंदवली आणि नाट्यगृहातील शोकाच्या सुखाविषयी संशय व्यक्त केला. त्याची शंका अशी, की रंगभूमीवरच्या दुःखाने कळवळणारा प्रेक्षक त्या दुःखाच्या निवारणासाठी काहीही करीत नाही, किंबहुना ते दुःख चालू राहावे अशीच त्याची इच्छा असते. ही शंका सहजासहजी झटकून टाकता येत नाही. भयपटाचा प्रेक्षक तर याहून एक पायरी पुढे गेलेला असतो. पडद्यावरील पात्राने त्या बंद दाराकडे जाऊ नये असे त्याला वाटते आणि त्याच क्षणी ते दार उघडले जावे असेही वाटते.

भारतीय काव्यशास्त्राने या कोड्याकडे वेगळ्या बाजूने पाहिले. भरताने भयानक हा आठ रसांपैकी एक मानला. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, ओसाड घर, अरण्य ही त्याची सांगितलेली कारणे आजच्या कोणत्याही भयपटाच्या पटकथेत जशीच्या तशी आढळतील. पुढे अभिनवगुप्ताने रसप्रक्रियेचे विवरण करताना ‘शाकुंतला’च्या प्रारंभी दुष्यंताच्या बाणापुढे पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले. त्या हरिणाचे भय प्रेक्षकाला प्रतीत होते, पण ते ‘माझे भय’ म्हणून नव्हे आणि ‘त्या परक्याचे भय’ म्हणूनही नव्हे. विशिष्ट व्यक्ती, देश आणि काल यांच्या बंधनातून सुटलेले केवळ भय तेथे अनुभवास येते. स्वतःचे भय असते तर प्रेक्षक उठून पळाला असता. निव्वळ परक्याचे असते तर तो उदासीन राहिला असता.

साधारणीकरणाचे हे विवेचन आस्वादाची मानसिक घडण उलगडून दाखवते. परंतु तेवढ्याने नैतिक प्रश्न सुटत नाही. भय कोणाचेच नसेल, तर त्याची जबाबदारीही कोणाची नाही असे होते. या ठिकाणी भरताचेच आणखी एक विधान उपयोगी पडते. भयानकाचे त्याने तीन प्रकार सांगितले आहेत: खोट्या बहाण्यातून दाखवलेले भय, अपराधातून उपजणारे भय आणि त्रासदायक वस्तूच्या दर्शनाने उडणारी घाबरगुंडी. नाट्यप्रयोगाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी नीतिविचारालाही मोठी सोय करून देते. कोणत्याही भयकृतीला पुढील प्रश्न विचारता येतो: ही कृती प्रेक्षकाला केवळ त्रासाच्या पातळीवर ठेवते की अपराधाच्या पातळीपर्यंत नेते?

सामान्य भयपट पहिल्या पातळीवरच थांबतो. रामसे बंधूंच्या १९७० आणि १९८० या दशकांतील हिंदी चित्रपटांनी भयाचा एक लोकप्रिय साचा घडवला. ओसाड हवेली, विद्रूप देह, शेवटी त्रिशूल वा अग्नी. या चित्रपटांची कारागिरी तुच्छ लेखण्याचे कारण नाही. अल्प साधनांत त्यांनी मोठा प्रेक्षकवर्ग मिळवला. पण त्या साच्यात भयाचे आलंबन बहुधा बाहेरचे असते. कुरूप, परका, तांत्रिक वा सूडाने पेटलेला असा कोणी एक जण दोषी ठरतो आणि त्याच्या नाशाबरोबर दोषही नष्ट होतो. प्रेक्षक घरी परततो तो निर्दोष होऊन. असे चित्रपट पाहून मन क्रूर होते असे सिद्ध करता येणार नाही. मात्र कुरूपता आणि दुष्टता यांची सांगड घालण्याची सवय त्याला लागते, हे नाकारणेही कठीण आहे.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण तत्कालीन मद्रास शहराने फार पूर्वी दिले. एस. बालचंदर दिग्दर्शित ‘अंद नाळ’ हा तमिळ रहस्यपट १९५४ मध्ये एव्हीएम संस्थेने काढला. ज्या काळात गाण्यांवाचून चित्रपटाची कल्पना करवत नव्हती, त्या काळात त्यात एकही गाणे नव्हते. कथा ऑक्टोबर १९४३ मधील जपानी बाँबहल्ल्याच्या वेळची आहे. राजन नावाचा रेडिओ अभियंता मारला जातो आणि तपासात प्रत्येक जण निराळी हकिकत सांगतो. मृत माणूस शत्रूला गुपिते विकत होता आणि गोळी त्याच्या पत्नीच्या हातून सुटली, हे अखेरीस उघड होते. प्रेक्षकांपैकी अनेकांनी अवघ्या काही वर्षांपूर्वी हल्ल्याच्या धास्तीने शहर रिकामे होताना पाहिले होते. आकाशातून येणारे ते भय चित्रपटाने घरात आणले, आणि शत्रू बाहेर असतो या सोयीच्या समजुतीला धक्का दिला. शिवाय शिवाजी गणेशन यांनी रंगवलेला हा देशद्रोही बुद्धिमान आहे, स्वदेशात कदर न झाल्याने दुखावलेला आहे. त्याचा अपराध क्षम्य ठरत नाही, पण समजण्याजोगा होतो. आणि समजण्याजोगा अपराध हा कोणत्याही पिशाच्चाहून अधिक अस्वस्थ करतो.

मराठीत विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा चित्रपट याच दिशेचा आहे. उसाच्या रानातले एकाकी घर, गर्भवती स्त्री, लपंडाव खेळणारी मुले ही सामग्री रूढ भयपटाचीच. परंतु भयाचे मूळ शोधता शोधता कथा पोहोचते ती मुलगी नको म्हणून केलेल्या हत्यांपर्यंत. येथे थोडी आकडेवारी ध्यानात घ्यावी लागते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर उतरली. कायदा असताना, शाळा आणि दवाखाने वाढत असताना ही घसरण झाली. हे आकडे वाचून कोणाला भय वाटत नाही, आणि खरे पाहता वाटायला हवे. उसाच्या रानातील मुलांचे हसणे ऐकून मात्र अंगावर काटा येतो. आकड्यांनी जे साधले नाही ते भयाने साधण्याचा हा यत्न आहे. न जन्मलेल्या मुलींना तोंड नसते, नाव नसते; भूतकथा त्यांना निदान वावरायला एक घर देते.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाने अपराधाचे क्षेत्र अधिक विस्तृत केले. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीचे स्मरण देते आणि कथेचा एक धागा नारायण धारप यांच्या भयकथेशी जोडलेला आहे. व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला. देशात पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी त्याला मर्यादित प्रतिसाद मिळाला. २०२४ च्या पुनःप्रदर्शनात मात्र पहिल्या वेळेपेक्षा अधिक गर्दी झाली. त्यातला हस्तर भुकेला आहे, पण खरी भूक विनायकाची आहे. तो मुलाला वारसा म्हणून विहिरीत उतरण्याची कला शिकवतो, आणि मुलगा बापाच्या अपेक्षेपेक्षाही हावरा निघतो. चित्रपटातील सर्वांत भयप्रद गोष्ट हस्तराचे रूप ही नव्हे. मुलाच्या नजरेत उतरलेली बापाची हाव ही आहे. म्हणूनच अखेरीस मुलाने बापाच्या हातचे सोने नाकारणे याला पिशाच्चनाशाहून मोठे मोल येते. भय येथे वारसा ठरते आणि नकार हीच एक सुटका उरते.

विज्ञानपटात भयाचे आलंबन भूतकाळाऐवजी भविष्यकाळ असतो. चेन्नईच्या नैर्ऋत्येला, सिंगपेरुमाळ कोविल ते श्रीपेरुंबुदूर या रस्त्यावरील ओरगडम हा परिसर मोटारउद्योगाची वसाहत म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रातील वाचकाला चाकण आठवावे, असे त्याचे रूप आहे. २०१० मध्ये तेथे रेनो-निसान यांचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच वर्षी शंकर यांचा ‘एंदिरन’ हा तमिळ यंत्रमानवपट प्रदर्शित झाला. हा निव्वळ योगायोग असला तरी तो विचारप्रवर्तक आहे. मोटारीचा सांगाडा जोडणारे यंत्रबाहू कुंपणाआड निमूटपणे काम करतात. पडद्यावरील यंत्रमानव मात्र प्रेम करतो आणि बंड करतो. वस्तुतः कामगाराचे भय बंडखोर यंत्राविषयीचे नसते. न थकणाऱ्या, रजा न मागणाऱ्या आज्ञाधारक यंत्राविषयीचे ते असते.

‘एंदिरन’मधील एक प्रसंग मात्र या सर्व झगमगाटाहून वेगळा आहे. यंत्रमानव जळत्या इमारतीतून न्हाणीघरातील एका मुलीला उचलून बाहेर आणतो. तिचा जीव वाचतो, पण ती सर्वांसमोर विवस्त्र आहे. लज्जेने ती धावत सुटते आणि वाहनाखाली सापडून मरते. यंत्राने दिलेली आज्ञा अचूक पाळलेली आहे. प्राण म्हणजे काय ते त्याला कळते. मान म्हणजे काय ते कळत नाही. जीव वाचवणे आणि माणूस वाचवणे यांतील अंतर दाखवणारा हा प्रसंग नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगा आहे. त्याचा दुसरा अर्थही दुर्लक्षू नये: त्या मुलीला मृत्यूकडे ढकलणारी लाज यंत्राने नव्हे, तर भोवतालच्या नजरांनी निर्माण केली. जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतही ज्ञानाची देणगी जशीच्या तशी स्वीकारण्यातला धोका चर्चिला आहे. उत्तम विज्ञानकथेत यंत्र हे बहुधा आरसा असते.

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की भुताखेतांच्या कथा अंधश्रद्धेला खतपाणी घालतात. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अमलात आला, तेथे हा आक्षेप गंभीरपणेच घेतला पाहिजे. मात्र कलेतील भूत विश्वास मागत नाही. ते काही काळापुरता अविश्वासाचा संकोच मागते. मांत्रिक जे मागतो ते याहून वेगळे असते: कायमची शरणागती आणि बहुधा दक्षिणाही. म्हणून जो चित्रपट शेवटी मांत्रिकालाच तारणहार ठरवतो त्याच्यावर हा आक्षेप लागू पडतो. जो भुताच्या मुळाशी माणसाची करणी दाखवतो त्याच्यावर नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो महोत्सवाच्या रसिकालाच लागू होतो. दहा दिवसांत तीस भयपट पाहणाऱ्याला भय वाटेनासे होते. तो प्रकाशयोजना, रंगभूषा आणि ध्वनिसंकलन यांना दाद देतो. सहृदयाची जागा जाणकार घेतो. जाणकारी हा दोष नव्हे, तिच्याविना परंपरा टिकत नाही. उपेक्षित प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली ती अशाच जाणकारांमुळे. परंतु कापल्या जाणाऱ्या देहाकडे केवळ कौशल्याचा नमुना म्हणून पाहण्याची सवय सभागृहाबाहेरही सोबत येऊ शकते, आणि वृत्तचित्रातील खऱ्या प्रेतावरही तीच निर्विकार नजर फिरू शकते. ऑगस्टीनची शंका येथे पुन्हा समोर उभी राहते, आणि तिला सिद्धान्ताने उत्तर देता येत नाही. ते प्रत्येक प्रेक्षकाच्या वर्तनानेच द्यावे लागते.

एवढे मात्र म्हणता येईल, की पडद्यावरचे भय ही सवलत आहे. दिवे लागतात, दार उघडते, बाहेर वाहनांचा गजबजाट असतो. ज्या मुलीचा जन्म घराला नकोसा आहे, ज्या स्त्रीला गावाने चेटकीण ठरवले आहे, ज्या कामगाराच्या जागी पुढील महिन्यात यंत्र येणार आहे, त्यांच्या भयाला मध्यंतर नसते. भयपटाची नीती तपासायची तर पडद्यावर किती रक्त सांडले हे मोजून भागत नाही. दिवे लागल्यावर प्रेक्षकाला स्वतःच्या सुटकेचा आनंद तेवढा उरतो, की ज्यांची सुटका झालेली नाही त्यांची आठवण होते, हे पाहावे लागते. ज्या कृतीने ही आठवण जागी केली, तिने घाबरवले ते योग्य कारणासाठी घाबरवले, असे म्हणावयास हरकत नाही.