चाक केवढे असावे?

शिडाच्या तीस-बत्तीस फुटी यॉटवर सुकाणूचे चाक केवढे बसवावे, हा प्रश्न वरवर पाहता मोजपट्टीचा आहे. कॉकपिटची रुंदी मोजा, बोटांची पेरे कडेच्या बाकांना घासणार नाहीत एवढी फट ठेवा, मागे जायला वाट उरते का ते बघा, की झाले. पण व्यास ठरवताना आणखी एक गोष्ट नकळत ठरून जाते. नाव नेणाऱ्याला आपण स्वतः किती ‘कर्ते’ आहोत असे वाटणार, ती.

गणित साधे आहे. आतली यंत्रणा तीच ठेवून 80 सेंटिमीटरच्या जागी 100 सेंटिमीटरचे चाक बसवले, तर काठावर लावायचा जोर पाचव्या हिश्शाने घटतो. मात्र सुकाणू तेवढेच वळवायला हात सव्वापट फिरवावा लागतो. मोठ्या चाकामुळे कडेला बसूनही नाव हाकता येते आणि तिथून पुढच्या शिडाला चिकटवलेले लोकरीचे धागे दिसतात. शिडाच्या दोन्ही अंगांचे धागे सपाट मागे वाहत असले, म्हणजे शीड नीट लागले आहे. तोटा असा की लहान कॉकपिटमध्ये मोठे चाक अर्धवट उघड्या दारासारखे सतत आडवे येते. म्हणून रुंद बोटींवर दोन चाके आली, अरुंद बोटींसाठी घडीची चाके निघाली.

खरा पेच पुढे आहे. कित्येकांना मोठे चाक हवे असते, ते सुकाणू जड लागते म्हणून. पण ते जड का लागते? वारा वाढतो, मुख्य शीड गच्च ओढलेले असते, नाव एका अंगावर कलते आणि नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळू पाहते. मग तिला सरळ ठेवायला सुकाणू सतत तिरके धरावे लागते. हे ओळखायची एक जुनी सोय आहे. चाकाच्या एका आऱ्यावर दोरीची जाड गाठ विणलेली असते; सुकाणू मध्यावर असले की ती गाठ बरोबर माथ्यावर येते. रात्री दिवा न लावता, नुसत्या बोटांनी चाचपून ते कळते. नाव सरळ चालली आहे आणि गाठ मात्र बाजूला सरकली आहे, याचा अर्थ शिडे आणि सुकाणू यांची आपसात ओढाताण सुरू आहे. तीन-चार अंश तिरकेपणा चालतो. त्याहून वाढला, तर सुकाणू पाण्यात ब्रेकसारखे अडू लागते. त्यावर उपाय म्हणजे शीड सैल सोडायचे किंवा गुंडाळून लहान करायचे. मोठ्या चाकाने हाताचे कष्ट तेवढे हलके होतात. दोष तिथेच राहतो, आणि दंडात बळ आहे या समाधानात तो लवकर लक्षातही येत नाही.

आपणच काय ते कर्ते, या समजुतीला जुने उत्तर आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. दोनच श्लोकांनंतर बजावले आहे की, असे असताना जो एकट्या आत्म्याला कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. यॉटवर ही यादी डोळ्यांसमोर उभी राहते. अधिष्ठानाच्या जागी खुद्द नाव. चाक, सुकाणू, शिडे, दोर ही करणे. ओढणे-सोडणे-वळवणे या चेष्टा. वारा आणि लाट दैवाच्या खात्यात. वारा पडून नाव जागच्या जागी थांबली, की सुकाणूवरून पाणी वाहत नाही. मग चाक केवढेही असो आणि कितीही फिरवा, नाळ हलत नाही.

उलट बाकीची कारणे जुळली, तर चाकाला फारसा हातही लावावा लागत नाही. जोशुआ स्लोकम 1895 ते 1898 या काळात ‘स्प्रे’ या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. थर्सडे आयलंडपासून कीलिंग बेटांपर्यंतचा सुमारे 2,700 मैलांचा पल्ला त्याने 23 दिवसांत काटला. त्यात सुकाणूवर गेलेला वेळ सगळा मिळून तीन तासांपेक्षा जास्त नव्हता, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. चाक दोरीने बांधलेले, शिडे तोललेली. मुंबईत सागवानात बांधलेल्या 32 फुटी ‘सुहेली’ या नावेला तर चाकच नव्हते, सुकाणूचा दांडा होता. 1968-69 मध्ये तिच्यातून न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करताना रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचे स्वयंचलित सुकाणूयंत्र ऑस्ट्रेलियाच्या बाजूला मोडले. पुढे त्यांनीही शिडे तोलून वाट काढली.

म्हणजे कर्ता बिनकामाचाच, असे मात्र नाही. गीतेने यादीतून त्याचे नाव खोडलेले नाही. पाचांत तो एक आहे. दोर कुठे बांधायचा, शीड किती सोडायचे, हे स्लोकमनेच ठरवले होते. सागरी कायदा तर आधी या कर्त्यालाच धरतो. 1972 च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम प्रत्येक नौकेवर सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी ठेवायला सांगतो. एकटा दर्यावर्दी झोपला की हा नियम मोडतो, आणि झोपल्याशिवाय महासागर ओलांडता येत नाही. तरीही एकट्याने करायच्या जागतिक शर्यती उघडपणे भरतात. टक्कर झालीच, तर त्या वेळी कप्तान कुठे होता आणि काय बघत होता, हेच आधी विचारले जाते. बाकीच्या चार कारणांची साक्ष त्यानंतर.