चिठ्ठी कोणी काढली?

महापालिकेच्या आरक्षण सोडतीचा दिवस. टेबलावर पारदर्शक बरणी, तिच्यात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या आणि शेजारी गणवेशातली एक शाळकरी मुलगी. तिने चिठ्ठी काढायची, अधिकाऱ्याने उलगडून प्रभाग क्रमांक माइकवर वाचायचा. ‘महिलांसाठी राखीव’ हे शब्द ऐकले की सभागृहात कुणीतरी कपाळाला हात लावतो. पाच वर्षे दहीहंड्या, आरोग्य शिबिरे आणि नळजोडण्या करून बांधलेला प्रभाग गेलेला असतो. शेजारचा कार्यकर्ता कानाशी लागतो, “भाऊ, वहिनींना उभं करा की.”

भाऊंचे नशीब फिरते त्याच क्षणी अर्थशास्त्रज्ञाचे उघडते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, ही म्हण आपल्याला पुरेशी सावध करते; पण फांदी कावळ्यामुळे मोडली की आधीच किडली होती, हे शोधायचे कसे, ते सांगत नाही. समजा, नगरसेविका असलेल्या प्रभागात पाणी वेळेवर येते. हे तिचे कर्तृत्व, की जिथले लोक मुळात जागरूक तिथेच स्त्रीला मते पडली? आकड्यांचा ढीग रचला तरी गुंता सुटत नाही, कारण तिला निवडले त्या प्रभागानेच. चिठ्ठी काढणाऱ्या मुलीला मात्र प्रभागाचा स्वभाव ठाऊक नसतो. त्यामुळे राखीव आणि खुले प्रभाग सरासरीने सारखेच असतात, आणि पुढे त्यांच्यात ठळक फरक पडला तर तो आरक्षणाच्या खाती मांडता येतो. योगायोग आपल्याला फसवतो खरा, पण त्या फसगतीतून सोडवायलाही योगायोगच लागतो. असा प्रयोग संशोधकाने मांडलेला नसतो, आयता घडलेला असतो. म्हणून त्याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

मुंबईतल्या अशा प्रयोगाचा अभ्यास रिखिल भवनानी यांनी 2009मध्ये मांडला. 1997च्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव असलेले काही प्रभाग 2002मध्ये खुले झाले. तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या मानाने सुमारे पाचपट निघाली. आरक्षण उठले, पण वाट मोडली नाही. एकदा उभ्या राहिलेल्या बायका पुन्हा उभ्या राहिल्या, आणि बाई निवडून येते हे पक्षांनाही कळले.

इथेच थांबायला हवे. ‘स्त्रिया कारभार चांगला करतात’ असा या पाचपटीचा अर्थ नाही. भवनानींच्या अभ्यासाने तो प्रश्न विचारलेलाच नाही.

कारभाराचा प्रश्न राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी ग्रामपंचायतींत तपासला. पश्चिम बंगाल आणि राजस्थान, दोन्हीकडे महिला प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केले. रस्त्यांचे मात्र उलटसुलट झाले: बंगालमध्ये ते सुधारले, राजस्थानात मागे पडले. आरक्षण तेच, मग असे का? बंगालमधल्या बायका रस्त्यांच्या कामावर मजुरीला जात, त्यामुळे त्या रस्तेही मागत. राजस्थानात रस्त्याची ओढ पुरुषांना अधिक होती. फक्त राजस्थान पाहिले असते तर ‘बाईला रस्त्याचे वावडे’ असा सिद्धान्त छापून झाला असता.

चिठ्ठीच नसेल तर आणखी जपावे लागते. एप्रिल 1992मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 केले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची 410 फास्ट फूड रेस्टॉरंट्स वाढीआधी आणि नंतर तपासली. वेतन वाढले की नोकऱ्या जातात हे पाठ्यपुस्तकातले गणित तिथे जुळले नाही. पुढे पगारपत्रकांची नोंद घेऊन इतरांनी उलट निष्कर्ष काढले आणि वाद वर्षानुवर्षे चालला. कार्ड यांना 2021चे नोबेल मिळाले. क्रूगर तेव्हा हयात नव्हते. वादाचे मूळ एका गृहीतकात आहे: वेतन वाढले नसते तर दोन्ही राज्ये एकाच चालीने गेली असती. पण राज्यांची सीमा म्हणजे बरणीतली चिठ्ठी नव्हे. आणि हे गृहीतक थेट तपासता येत नाही, कारण ‘वाढले नसते तर’चे न्यू जर्सी कुठेच नाही.

म्हणून असा कुठलाही निष्कर्ष समोर आला की मी दोन गोष्टी शोधतो: चिठ्ठी कोणी काढली, आणि तिच्यावर नेमके काय लिहिले होते. पहिलीवर पुराव्याचे वजन ठरते, दुसरीवर त्याची हद्द. रस्ता आला आणि गाव सुधारले, असे कुणी छातीठोक सांगितले तर हुज्जत घालायचे कारण नाही. एवढेच विचारावे, रस्ता या गावाला सोडतीत मिळाला, की इथे आमदारांची सासुरवाडी आहे?